पडद्यावर पाच वाजले

तीर्थरूप वन्संना,

वोन्जूहून मालसूनचा वाकून नमस्कार. पोहांगच्या समुद्रवाऱ्याला तुमचे गुडघे कसे आहेत? सुका मासा पोचला. खारट होता, पण तुमच्या हातचा म्हणून गोड मानून घेतला. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण नाही. तुमचे बंधुराज परवापासून भाताच्या पेजेवर आहेत आणि माझ्याशी न बोलता भिंतीशी बोलतात. कारण सिनेमा. तोच, आपल्यावर हुकूमत गाजवलेल्या जनरलसाहेबांवरचा. म्हणाले, "तो खरा मेला तेव्हा मरताना बघायला मिळाला नाही. आता पाय पसरून, सुकं माकूल चघळत बघणार."

त्यांचं वैर तुम्हाला ठाऊकच आहे (तुरुंगात गोधडी तुम्हीच पोचवलीत), तरी पुन्हा लिहिल्याशिवाय राहवत नाही. जनरलसाहेबांच्या राज्यात रोज संध्याकाळी पाचला झेंडा उतरायचा, भोंग्यावर राष्ट्रगीत लागायचं आणि असेल तिथे छातीवर हात ठेवून उभं राहायचं. अख्खा बाजार उभा, आणि हे एकटे बाकावर बसून शेवया ओरपताहेत! शिपाई म्हणाला, "उठतोस का?" हे म्हणाले, "थांबा हो, शेवया फुगतील." त्या मेल्या शेवयांपायी दीड वर्ष आत.

बरं, सिनेमातले जनरलसाहेब इतके देखणे, की मला जरा कळवळाच आला. (हे त्यांना सांगू नका.) निम्म्यावर पडद्यावर बाजार आला, पाच वाजले, गीत सुरू झालं. आणि वन्सं, काय सांगू, बंधुराज ताडकन उभे! हात छातीवर, माकूल जमिनीवर. इकडेतिकडे आणखी काही म्हातारीकोतारी उठली. मागून एक पोरगी ओरडली, "अहो आजोबा, बसा ना! झेंडा सिनेमातला आहे!" सगळं थेटर हसलं. मी त्यांचा कोट ओढत होते, पण गीत संपेपर्यंत माणूस हलला नाही. मग बसले ते मान खाली घालूनच. पडद्यावर जनरलसाहेब मेले तेव्हाही वर पाहिलं नाही.

बसमध्ये एवढंच म्हणाले, "दीड वर्ष मारलं, तरी उठलो नाही गं. आता कोणी न सांगता उठलो. म्हणजे तोच जिंकला ना?" फार वाईट वाटलं, वन्सं.

भावोजींना नमस्कार, गुडघ्यांना शेक द्या.

तुमची भावजय,
मालसून

ता. क. आज पेज बाजूला सारून म्हणाले, "रविवारी परत जाऊ. बसून दाखवतो." स्वयंपाकघरात तालीम चालू आहे. गीत मी म्हणते, बसायचं त्यांनी. अजून जमलेलं नाही. तुम्ही याच.

पुन्हा ता. क. थेटरात मधली खुर्ची तुमची. मी कोट ओढत होते हे खरं, पण उभ्यानेच. त्यांच्याही आधी उठले होते. अंधारात त्यांना दिसलं नाही. ते आत असताना मलाही नेलं तर पोरांना कोण बघेल, म्हणून पाचाच्या ठोक्याला बाजारात सगळ्यांत आधी मी उठायची. त्यांना वाटतं, त्या दीड वर्षात मीही बसूनच राहायची. तेव्हा एका हाताने त्यांना धरा, दुसऱ्या हाताने मला.