तिसऱ्या बेअरिंगसह माझ्या सर्व चीजवस्तूंची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, सरकारी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षे रक्त तपासून निवृत्त झालेली तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण दाखल्याशिवाय केलेले विधान मी स्वतःही मानत नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते आणि त्यात वन्संना काहीच ठेवले नव्हते.

कलम १. घर. खाली गॅरेज, वर दोन खोल्या आणि गच्ची असे उतारावरचे माझे राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. गच्चीचे दार ओलीने फुगते. ते ढकलू नये, जरा उचलून लोटावे. बँकेत जे काही आहे त्याचा कागद वकीलबाईंकडे वेगळा आहे. त्यात भांडण्यासारखे काही नाही आणि मिरवण्यासारखेही नाही.

कलम २. गॅरेजमधली गाडी. ती चालत नाही. तिचा सांगाडा खुशाल भंगारात द्यावा. मात्र भंगारवाल्याला बोलावण्याआधी मुलीने हे आणि पुढचे कलम शेवटपर्यंत वाचावे, कारण "आई, सोड आता ते इंजिन" असे म्हणत तिने ही हकीकत कधी पुरती ऐकून घेतलेली नाही.

माझे यजमान एकतीस वर्षे शहर बसचे चालक होते. एकतीस वर्षांत बसला ओरखडा नाही. निवृत्त झाल्यावर आयुष्यातली पहिली गाडी आम्ही नवी कोरी घेतली. तिसऱ्या वर्षी एका सकाळी वन्संना, म्हणजे यजमानांच्या धाकट्या बहिणीला, त्यांच्या घरी सोडायला निघालो होतो. उतारावर इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. कुणी आतून बोटाने दार वाजवावे तशी. आम्ही दोघी बोलत होतो. यजमान म्हणाले, "जरा गप्प बसा दोघी." इतकी वर्षे संसार केला, पण त्या स्वरात ते कधी बोलले नव्हते. पुढच्या वळणाआधी इंजिन जागच्या जागी आवळले आणि बंद पडले. ब्रेक दगडासारखा झाला, स्टिअरिंग हलेना. मागून ट्रक येत होता. त्यांनी दोन्ही हातांनी चाक ओढून गाडी ट्रक आणि भिंत यांच्यामधून काढली आणि हँडब्रेकवर थांबवली. मग तळहात पँटला पुसले आणि विचारले, "कुणाला लागलं नाही ना?"

कंपनीच्या कार्यशाळेने इंजिन न उघडताच निकाल दिला. तेल वेळेवर बदलले नाही, मालकाचा हलगर्जीपणा, हमी लागू नाही. मला राग आला नाही, आधी नवल वाटले. न उघडता यांना कळले कसे? आमच्याकडे बाटलीकडे नुसते बघून कुणी रक्ताचा रिपोर्ट लिहिला असता तर दुसऱ्या दिवशी घरी बसला असता. मी इंजिनातले थोडे तेल नमुन्याच्या बाटलीत घेतले, काचपट्टीवर थेंब पसरला आणि घरच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काळी घाण दिसेल असे वाटले होते. दिसल्या त्या चमचमणाऱ्या चकत्या, आणि त्यांच्यात मधूनच वेटोळे घातलेले काहीतरी, पेन्सिलीला टोक काढताना पडते तसे. चकत्या म्हणजे झिजलेला धातू, एवढे समजले. वेटोळी कशाची ते समजेना. बाटली घेऊन शोरूममध्ये गेले. तिथला व्यवस्थापक हसला. "मावशी, ही गाडी आहे, पेशंट नाही," म्हणाला. त्या गृहस्थाला मी काहीही ठेवत नाही.

आम्ही ग्राहक न्यायालयात गेलो. काही महिन्यांनी कंपनीने तडजोड सुचवली. नवे इंजिन फुकट मिळेल. जुने त्यांच्या ताब्यात द्यायचे आणि एका कागदावर सही करायची. यजमानांनी तो कागद ओळीवर बोट ठेवत वाचला आणि एका वाक्यावर बोट थांबवले. 'सदर बिघाड मालकाच्या निष्काळजीपणामुळे झाल्याचे मान्य आहे.' ते कंपनीच्या माणसाला म्हणाले, एवढे वाक्य काढा, मग इंजिनही नको.

मला तो हट्ट वाटला. हे मी इथे कबूल करते, कारण मृत्युपत्रात खोटे लिहिण्याइतकी मी अजून बिघडलेली नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी त्यांना विचारले, "खरं सांगा, एकदाही उशीर झाला नव्हता ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. उत्तर दिले नाही. कागदाची चार घड्यांची घडी केली, खिशात ठेवली आणि गच्चीवर झाडांना पाणी घालायला गेले. वन्सं भाजी निवडत बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "वहिनी, हे तुम्ही विचारायला नको होतं."

यजमानांनी सही केली नाही. दोन वर्षांनी ते हृदयविकाराने गेले. त्यानंतर वर्षभरात कंपनीच्या तपासनीसाच्या अहवालावरून दावा आमच्या विरुद्ध गेला, आणि वन्संनी माझ्याशी बोलणे टाकले. गाडी मी विकली नाही. लोकांना वाटले, नवऱ्याची आठवण. आठवण होतीच, पण खरे कारण वेगळे होते. ती वेटोळी कशाची, हे मला अजून कळायचे होते. आणि त्यांनी उत्तर का दिले नाही, हेही.

कलम ३. क्रँकशाफ्ट. गॅरेजच्या फळीवर जुन्या चादरीत गुंडाळलेला इंजिनाचा मुख्य दांडा, वजन सतरा किलो, सोबत जळलेले तिसरे बेअरिंग, हे दोन्ही कंपनीच्या त्याच तपासनीसांना द्यावे. मुलीने डोळे मोठे करू नयेत. सांगते.

दावा हरल्यावर सहाव्या वर्षी सकाळी दहाच्या सुमारास घंटा वाजली. दारात एक उंच, वाकलेला माणूस. म्हणाला, "मी तुमच्या विरुद्ध अहवाल लिहिला होता."

"माहीत आहे. तुमची सही ओळखते मी."

"इंजिन न उघडता लिहिला होता."

"तेही माहीत आहे."

मग त्यांनी सांगितले, की अशा अकरा गाड्यांचे अहवाल त्यांच्या हातून गेले, प्रत्येकात तेच वाक्य; वरून तसाच मसुदा यायचा. आता ते निवृत्त झाले होते. "बाकीची दहा इंजिनं कंपनीनं परत घेतली," ते म्हणाले. "तुमचं तेवढं राहिलंय. आत काय झालं होतं, ते मला आजही माहीत नाही. मला उघडून बघायचंय."

माफी मागायला आला असता तर मी त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावले असते. पण हा माणूस तेच मागत होता जे मी इतकी वर्षे मागत होते. माझा राग आणि माझे कुतूहल यांची दारातच झटापट झाली. मी म्हटले, "चपला बाहेर काढा. चहा घेता का?"

पलीकडच्या गल्लीत लेथ आणि दुरुस्तीचे दुकान चालवणारे मिस्त्री आहेत, त्यांना बोलावले. साखळीने इंजिन उतरवले आणि दोन दिवस बसून उघडले. मी स्टूल टाकून बघत होते. प्रत्येक झाकण निघाले की तपासनीस आधी मला पुढे करायचे. "बाई, आधी तुम्ही बघा." तेल बदललेले नसते तर आत डांबरासारखा चिखल साचलेला असता, असे त्यांनी मला आधीच सांगून ठेवले होते. आत चिखल नव्हता. भिंती घासून ठेवलेल्या पातेल्यासारख्या स्वच्छ होत्या. चार पिस्टनच्या चार दांड्या. प्रत्येकीच्या तळाशी बेअरिंग म्हणून धातूची एक गुळगुळीत वाटोळी पट्टी असते, ती तेलावर तरंगते. पहिली, दुसरी आणि चौथी जशीच्या तशी होती. तिसरी जळून काळी-निळी झाली होती आणि कागदाइतकी पातळ.

"तिथंच तेल पोचलं नाही," तपासनीस म्हणाले. मुख्य दांड्याला आतून एक बारीक भोक असते, त्यातून तिसऱ्या बेअरिंगला तेल जाते. त्यांनी त्यात तार घातली. तार अडली. टोकरून चिमूटभर कचरा बाहेर काढला. मी सूक्ष्मदर्शक खाली आणला, काचपट्टी लावली. तीच वेटोळी, आणि या वेळी ढिगाने. मी मिस्त्रींना बघायला सांगितले. त्यांनी एक डोळा मिटून पाहिले आणि लगेच म्हणाले, "हा ड्रिलचा कीस आहे, बाई. माझ्या लेथखाली रोज पडतो."

म्हणजे कारखान्यात दांड्याला भोक पाडले होते आणि ते धुतले नव्हते. गाडी आमच्या दारात येण्याआधीच तिचा आजार तिच्यात होता. तपासनीस माझ्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पाच मिनिटांचं काम होतं हो धुण्याचं."

त्यांनी तिथेच, तेलकट हातांनी, नवा अहवाल लिहिला. तो बाकीच्या दहा मालकांकडे गेला, त्यांच्याकडून आणखी काहींकडे. दीड वर्षाने कंपनीने त्या काळातल्या सगळ्या गाड्यांची इंजिने बदलून द्यायचे ठरवले. पत्रात चूक हा शब्द नव्हता, 'ग्राहकांप्रति सदिच्छा' असे होते. मलाही पत्र आले. मी कळवले की मला इंजिन नको, माझ्या यजमानांच्या नोंदीतले ते वाक्य काढा. सात महिने पत्रे लिहिल्यावर एका ओळीचे उत्तर आले: 'आपल्या नोंदीतील शेरा मागे घेण्यात आला आहे.' तो कागद यजमानांच्या फोटोमागे चिकटवला आहे. फोटो मुलीने घ्यावा, कागदासकट.

तपासनीस अजून अधूनमधून येतात, दांडा चादरीतून काढून बघतात, चहा पितात आणि जातात. तेव्हा तो त्यांच्याकडेच राहू दे. त्यांची कंबर धड नाही. दांडा घरपोच करावा.

कलम ४. सूक्ष्मदर्शक मिस्त्रींना द्यावा. त्या दिवशी काम संपल्यावर ते दोन तास हलले नाहीत. मीठ पाहिले, साखर पाहिली, स्वतःच्या नखातला मळ पाहिला. जाताना म्हणाले, "एवढी वर्षं मी नुसतं कानानं काम केलं." भिंगे मऊ कापडाने पुसावीत, सदऱ्याच्या टोकाने नव्हे.

कलम ५. वन्संना माझी शिसवी आरामखुर्ची, दोन्ही लोकरी शाली आणि पुढील मजकूर.

वन्सं, हे मृत्युपत्र करायचे म्हणून मी वकीलबाईंकडून दाव्याची सगळी फाइल परत मागवली. त्यात गाडीच्या देखभालीचे कार्ड होते. मी ते कधी नीट पाहिले नव्हते. ते वकिलांकडेच असायचे. कार्डावर एका तारखेभोवती कंपनीने तांबडे वर्तुळ काढले आहे. एकदा तेल बदलायला तेवीस दिवस उशीर झाला होता. म्हणजे उशीर झाला होता, वन्सं, आणि मी विचारले तेव्हा ते नाही म्हणू शकत नव्हते. खोटे त्यांना जमत नव्हते, हे तुम्ही जाणता.

तारीख ओळखीची वाटली, म्हणून मी माझे इस्पितळाचे कागद काढले. माझे पोटाचे ऑपरेशन झाले ते दिवस. एकोणीस दिवस मी तिथे होते आणि ते सकाळपासून माझ्या उशाशी बसून असायचे. रोज बसने यायचे. दारात गाडी असताना बस कशाला, म्हणून मी खाटेवरून कुरकुरायची. ते म्हणायचे, बसमध्ये ओळखीची माणसं भेटतात. आता कार्डावरचे किलोमीटर पाहिले. तारीख उलटली त्या दिवशीचा आकडा त्यांनी स्वतःच्या अक्षरात कडेला लिहून ठेवला होता. त्या महिन्यात गाडी कार्यशाळेपर्यंतच्या अंतराखेरीज हललेलीच नाही. तेल बदलायची तारीख उलटली होती, म्हणून त्यांनी ती चालवली नाही.

हे त्यांना मला सांगता आले असते. पण मग मला कळले असते की उशीर माझ्या आजारपणामुळे झाला. ते मला कळू नये म्हणून ते झाडांना पाणी घालायला गेले. हा माझा अंदाज आहे, याला पुरावा नाही. जन्मभर मी कुणाला अंदाजाने रिपोर्ट लिहू दिला नाही, पण हा एक मी लिहिते आणि त्याखाली सही करते. वन्सं, तुमचे बरोबर होते. मी विचारायला नको होते. हे मी तुम्हाला समोर येऊन सांगायला निघणार आहे. जिना उतरणे जमले तर हे कलम वाचायची तुम्हाला गरज पडणार नाही.

कलम ६. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. तशी नोंदणी केली आहे, कार्ड कपाटाच्या वरच्या खणात आहे. मुलीला वाईट वाटेल, तिने वाटून घ्यावे आणि मग फोन करावा. डाव्या फासळीखाली गेली काही वर्षे मला काहीतरी टोचते. तीन डॉक्टरांनी तीन कारणे सांगितली. विद्यार्थ्यांनी तिथे आवर्जून बघावे आणि काय सापडले ते माझ्या मुलीला साध्या भाषेत दोन ओळींत कळवावे. मला कळणार नाही, याची थोडी हळहळ आहे.

वरील मजकूर मी दोनदा वाचला, एक काना राहिला होता तो घातला. सर्व व्यवस्था वकीलबाईंनी पाहावी. तपासनीसांना साक्षीदार व्हायचे होते, पण ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष देऊ नये असे वकीलबाई म्हणतात, म्हणून ते आत बसून चहा पीत आहेत.

सही: (लिहून ठेवणारी, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ)

आमच्यासमोर तिने सही केली आणि तिच्यासमोर आम्ही:

साक्षीदार पहिली: (सही) शेजारीण, शिवणकाम करणारी

साक्षीदार दुसरे: (सही) कोपऱ्यावरचे औषधविक्रेते. सही करण्यापूर्वी त्यांनी विचारले की वन्संचे घर कुठल्या मजल्यावर आहे. तळमजल्यावर आहे. दुपारी ते मला तिथवर सोडणार आहेत.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: नऊ जानेवारी, सकाळी साडेअकरा