दोन काचा आणि एक बाकडं

सर, तुमची एक सवय आज माझ्या अंगाशी आली आहे. काचेवरचं नाव कागदाच्या पट्टीने झाकायचं आणि मगच भिंगाला डोळा लावायचा, हे तुम्ही शिकवलंत. बुलढाण्यातल्या माझ्या लॅबमध्ये अजूनही तसंच चालतं. आज टेबलावर मानेतल्या गाठींच्या दोन काचा आहेत. एक जानेफळच्या एका मुलीची, दुसरी माझ्या लेकीची. कोणती कोणाची, ते पट्टीखाली आहे.

अकरावीचं प्रॅक्टिकल आठवतं. देऊळघाटहून बसने येताना तुम्ही बकऱ्याचे तुकडे डब्यात आणायचात. तो डबा तुमच्या घरी बाईंनी स्वयंपाकघरात घेणं कधीच बंद केलं होतं. तुकडा मेणात बसवून तुम्ही कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचात, अंड्याच्या पांढऱ्याने काचेवर चिकटवायचात, मग त्यावर जांभळा आणि गुलाबी रंग चढायचा. एकदा मी काचेवरचं नाव वाचून ऐटीत सांगितलं, "कलेजी." होता गुर्दा. नाव तुम्हीच मुद्दाम बदललं होतं. "काऊन एवढी घाई करून राह्यली वं? नाव पाह्यलं का डोये कामच नाही करत. आधी पाह्य, मंग बोल." सगळा वर्ग हसला, मी रडले. तेव्हापासून नाव झाकते.

आज आधी पाहिलं, सर. पहिल्या काचेत टीबी आहे, औषधाने जाणारा. दुसरीत जोडकेंद्रकांच्या मोठाल्या पेशी आहेत, घुबडाच्या डोळ्यांसारख्या. कॅन्सर. त्यावरही उपचार आहेत, हे मी रोज लोकांना सांगते. तरी ती काच मी पुन्हा पुन्हा भिंगाखाली धरते आहे. बाहेर बाकड्यावर त्या मुलीचे वडील माझ्या लेकीला भाजलेल्या शेंगा सोलून देताहेत. मघाशी ती दारातून डोकावली. "आई, टीबीच निघन ना वं? मंग मले परीक्षेले बसता येईन." मी म्हटलं, "बस जरा, पाहून राह्यली मी." खोटं बोलले. पाहून झालं होतं.

पट्टीला नख लावायची हिंमत होत नाही, म्हणून हे लिहीत बसले आहे. हे कुठे पाठवायचं नाही, तेव्हा सांगून टाकते. दुसरी काच पाहिली आणि मी हात जोडले. ही त्या शेंगा सोलणाऱ्या माणसाच्या पोरीची निघू दे, असं मागितलं.