कॅमेऱ्याकडे पाठ

गोरेगाव पूर्व,
८ सप्टेंबर २०२५

ति. अण्णांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला 'हॅलो'च्या पुढे काही ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉल केला की मला फक्त तुमचं कपाळ दिसतं. कानाचं मशीन अजून फराळाच्या डब्यातच पडून आहे, असं आई म्हणाली. मिलमधल्या साच्यांच्या खडखडाटात कान घालवलेत ते घालवलेत, आता मशीनशी कसलं भांडण? असो. आपली पत्रंच बरी.

बातम्या दोन आहेत, एक गोड आणि एक कडू. गोड आधी. 'ताऱ्यांचा ठेका'मध्ये इतकी वर्षं मी असिस्टंट म्हणून राबले, स्टेप बसवायच्या मी आणि नाव दुसऱ्याचं. या वर्षी पहिल्यांदा जोडी माझी आहे. पडद्यावर 'नृत्यदिग्दर्शन : जान्हवी सहदेव पाष्टे' असं येतं. मधे तुमचं नाव मीच हट्टानं घालून घेतलंय. नाचवायला माझ्या वाट्याला आल्या आहेत मृणालिनीताई. हो, त्याच, मालिकेत सुनेच्या खिरीत औषध घालणारी सासू. आईला सांगा, प्रत्यक्षात फार प्रेमळ बाई आहेत आणि डब्यात माझ्यासाठी रोज भाकरी जास्तीची आणतात.

आता कडू. शोचं हे चौदावं वर्ष, आणि बहुतेक शेवटचं. लोक आता फोनवर अर्ध्या मिनिटाचे नाच बघतात, रविवारी दोन तास कोण बसणार, असं चॅनेलवाल्यांचं म्हणणं. अंतिम फेरी किती लोक बघतात त्यावर निर्णय. म्हणजे बघा ना अण्णा, माझं नाव लागायला आणि दुकान बंद व्हायला एकच मुहूर्त!

आम्ही अंतिम फेरीत पोचलोय. आणि मी ठरवलंय की तिथे आपला बाल्या नाच करायचा, तुमच्या मंडळात गणपतीत व्हायचा तसाच. मृणालिनीताई आणि नाचणाऱ्या मुली. तुमची पायात बांधायची घुंगरांची चाळ मिळेल का? रागावणार असाल तर पत्रातच रागवा, आईवर नको.

आईच्या गुडघ्याला तेल लावायची आठवण करा. तुमचा लोभ मला शोपेक्षा जास्त वर्षं पुरलाय, तो पुढेही चालू ठेवा.

तुमची,
जान्हवी


मुलुंड पूर्व,
१२ सप्टेंबर २०२५

चि. जान्हवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या आईनं ते मला वाचायला देण्याआधी बिल्डिंगमधल्या निम्म्या बायकांना वाचून दाखवलं. खालच्या मजल्यावरचा मुकुल कानाशी ओरडून म्हणाला, काका, पडद्यावर तुमचं नाव दिसलं. मी म्हटलं, दिसणारच, बापूस आहे तिचा. एवढंच बोललो. जिन्यात मात्र उगाच दोनदा वर-खाली केलं.

रागवायचं काय त्यात? आमच्या मंडळात बायका कधी नाचल्या नाहीत हे खरं. आमचा मधुकर नाक मुरडेल. मुरडू दे. त्याला स्वतःला चार पावलं नाचून दम लागतो. माझी चाळ आईबरोबर पाठवतो. ती एकाच पायात बांधतात हे मृणालिनीबाईंना आधीच सांग, नाहीतर दुसऱ्या पायाची कुठं हरवली म्हणून बिचाऱ्या शोधत बसतील.

एक गोष्ट ध्यानात ठेव. आपल्या मंडळात गाणारे बुवा आणि मृदंगवाला मधोमध बसायचे आणि आम्ही त्यांच्याभोवती फिरायचो. तोंड आत. बुवाकडे पाठ केली तर माझा बाप भर नाचात कान पिळायचा. जो मध्ये बसलाय तो आपला देव, त्याला पाठ दाखवायची नाही.

शो चालू राहणार का हे चॅनेलवाल्यांना विचारत बसू नको. मालक शेवटपर्यंत हसूनच बोलतो. आमची मिल चालू होणार, चालू होणार असं ऐकता ऐकता आम्ही म्हातारे झालो. तू तुझं काम चोख कर गो. पोरी, मला तुझा अभिमान वाटतो. तोंडावर बोलायला जमत नाही म्हणून इथं लिहिलं, आईला दाखवू नकोस, ती वर्षभर चिडवेल.

बाकी आमचा जीव तुझ्यापाशी आहेच, तो सांभाळून वापर.

तुझा,
अण्णा


गोरेगाव पूर्व,
२३ सप्टेंबर २०२५

ति. अण्णांस,
सा. न. वि. वि.

वाट लागली, अण्णा. आणि ती मीच लावली.

आमच्याकडे नाच बसवतात तो आरशासमोर. समोर आरसा म्हणजे समोर कॅमेरा, हे लहान पोरालाही ठाऊक. मी मात्र आरशावर पडदा ओढला, मृदंगवाल्या सर्वेशला मधोमध बसवलं आणि सगळ्यांना त्याच्याभोवती फिरवलं. काय सांगू, असला झकास जमला! मृणालिनीताई तर रोज शेवटी रडायच्या. आपल्या घरात नाच म्हणजे रिंगण, मला दुसरं काही सुचलंच नाही. मग काल कॅमेऱ्यासकट पहिली तालीम झाली. आमचे दिग्दर्शक देवेशसर वर बसून पडद्यावर बघत होते. माईकवरून सगळ्या स्टुडिओला ऐकू जाईल असं विचारलं, की मृणालिनीबाईंचं तोंड नक्की कुठं ठेवलंय? पडद्यावर नुसत्या पाठी. वेण्या आणि पाठी! इतक्या वर्षांच्या कामात मी हे विसरले, यावर कुणाचा विश्वास बसेना. माझाही बसत नव्हता.

ते म्हणाले, सगळ्यांना बाहेर तोंड करून उभं कर. करून पाहिलं. सर्वेश दिसेनासा झाल्यावर एकीचाही पाय पडेना, दोघी एकमेकींवर आदळल्या. मी सांगितलं की हे असं होणार नाही. त्यावर ते म्हणाले, पुढच्या बुधवारपर्यंत कर, नाहीतर ही जोडी दुसऱ्याकडे जाईल. मृणालिनीताई माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माझं तोंड लोकांनी वीस वर्षं बघितलंय, एकदा पाय बघू देत. पण मला माहितीये, त्यांनाही जिंकायचंय.

देवेशसर वाईट नाहीत. शो वाचावा म्हणून तेही जिवाचं रान करतायत. उद्या नाच पडला आणि शो बंद झाला, तर सगळे म्हणतील, त्या पाष्ट्यांच्या पोरीच्या हट्टानं बंद झाला. तुमचा नियम मोडू की नाव घालवू? लवकर लिहा. शक्य झालं तर मुकुलच्या हातीच पाठवा, तो मरोळला कामाला येतो तसा पुढे गोरेगावला येईल.

घाबरलेली असले तरी तुमचीच,
जान्हवी


मुलुंड पूर्व,
२७ सप्टेंबर २०२५

चि. जान्हवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझ्या त्या देवेशला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. मग म्हटलं, बघू तरी काय म्हणतो तो. मधुकरला आणि मंडळातल्या दोघातिघांना बोलावलं, टीपॉय सरकवला, तुझ्या आईला मधे पाटावर बसवून तिच्या पुढ्यात पिठाचा डबा दिला आणि म्हटलं, वाजव. मुकुलला फोन घेऊन दारात उभं केलं. आम्ही म्हातारे नाचलो. मधुकरला अपेक्षेप्रमाणे दम लागला. नंतर मुकुलनं काढलेलं पाहिलं तर काय, सगळी टकलं आणि सदऱ्यांच्या पाठी. कोण मी आणि कोण मधुकर, माझं मलाच कळेना. देवेश खरं बोलतो गो.

तेव्हा माझं ऐक. आम्ही अंगणात नाचायचो, तिथं बघणारे चहूबाजूंनी असायचे. तुझं अंगण वेगळं. तोंडं बाहेर कर. बुवाला पाठ दाखव. माझा नियम मी मोडला असं समज, माझा बाप वर मला काय ते बोलेल. तुझं नाव जाता कामा नये. त्यापुढे नियम मोठा नाही.

चाळ पायाला लागत असेल तर आत फडकं गुंडाळायला सांग. आशीर्वाद दुप्पट पाठवतोय, लागतील तेवढे घे.

तुझा,
अण्णा

ता. क. जानू, मी आई. मुकुल दुसऱ्या वेळी दारात उभा राहिला नाही, मधुकरभावजींचं कोपर लागेल म्हणून माझ्या शेजारी येऊन मधेच बसला. तिथून घेतलेलं तुझ्या फोनवर पाठवायला सांगितलंय. सगळ्यांची तोंडं छान आलीत. अण्णा तर लग्नात दिसत होते तसे दिसतायत. मी चारदा बघितलं. तूही बघ.


गोरेगाव पूर्व,
१४ ऑक्टोबर २०२५

ति. अण्णांस आणि ति. आईस,
दोघांना वाकून नमस्कार.

रविवारी तुम्ही दोघं स्टुडिओत आलात, पण घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून सगळं लिहिते.

आईचा तो ता. क. वाचून मी मुकुलनं पाठवलेलं थेट देवेशसरांपुढे धरलं. ते आधी हसले, मधुकरकाकांना बघून कोणीही हसेल. मग पुन्हा लावायला सांगितलं. शेवटी स्वतःच म्हणाले, कॅमेरा मधे बसवू. म्हणून रविवारी आमचा कॅमेरावाला सुयोग मृदंगाशेजारी मांडी घालून बसला होता आणि प्रेक्षक चहूबाजूंनी जमिनीवर. सगळी तोंडं आत, अण्णा. कुणीही बुवाला पाठ दाखवली नाही आणि मृणालिनीताईंचं हसू सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. तुमचा नियमही राहिला आणि माझं नावही. आई, हे तुझ्यामुळे.

मृणालिनीताई दुसऱ्या आल्या, हे तुम्ही पाहिलंतच. चषकापेक्षा चाळ परत देताना जास्त हळव्या झाल्या.

आज सकाळी आम्हाला बोलावून सांगितलं. शो बंद. रविवारी टीव्हीसमोर माणसं भरपूर बसली होती, तरी बंद. ते आधीच ठरलं होतं म्हणे. मालक हसूनच बोलले, तुम्ही लिहिलं होतंत तसं.

मी रडेन असं वाटलं होतं, पण रडले नाही. कारण निकालानंतर काय झालं ते तुम्ही बघितलंत ना? सर्वेशनं कुणी न सांगता मृदंग पुन्हा धरला आणि लाइटवाले, मेकअपच्या मुली, जिंकलेले, हरलेले, सगळे रिंगणात शिरले. देवेशसर वरून धावत आले. त्यांचा एक पाय ठेक्यात पडत नव्हता. प्रक्षेपण थेट होतं, त्यामुळे टीव्हीवर त्या नाचावरूनच नावं सरकत गेली. आमच्याकडे नृत्यदिग्दर्शकांची नावं सगळ्यांत शेवटी येतात आणि त्यांत मी नवी, म्हणून मी सगळ्यांच्या खाली. चौदा वर्षं चाललेल्या शोचं पडद्यावरचं शेवटचं नाव 'जान्हवी सहदेव पाष्टे'. ते आता कुणी खोडू शकत नाही.

पुढे काय, ते माहीत नाही. काम मागायला जाईन तेव्हा मान खाली नसेल एवढं नक्की.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही चपला काढून अनवाणी का बसला होतात? सिक्युरिटीवाला तुमच्याशी वाद घालताना दिसला.

शो नसला तरी प्रेक्षक तुम्हीच, तेवढं प्रेम राखून ठेवा.

तुमची,
जान्हवी


मुलुंड पूर्व,
१७ ऑक्टोबर २०२५

चि. जान्हवीस,
आशीर्वादांना आता मोजमाप नाही.

चपलांचं सांगतो. मिलमध्ये कान गेल्यापासून मृदंग मला नुसता दिसायचा. बोटं हलताना दिसायची, बस्स. तुमच्या स्टुडिओतली जमीन लाकडाची. सर्वेशनं पहिली थाप मारली आणि माझ्या पायाखाली काहीतरी हललं. म्हणून चपला काढल्या. मग पुढचा सगळा नाच मला ऐकू आला गो. तळपायातून ऐकला, पण ऐकला. सिक्युरिटीवाल्याला हे कसं समजावणार? त्याला म्हटलं, माझी मुलगी नाचवतेय, तू गप उभा राहा.

आमची मिल बंद झाली तेव्हा एक दिवस गेटला कुलूप दिसलं. भोंगासुद्धा वाजला नाही. हजारो माणसं, आणि कुणाचं नाव कुठं लागलं नाही. तुम्ही नाचून बंद केलंत. सगळ्यांना आत घेऊन, सगळ्यांची नावं लावून. असं बंद होणं किती जणांच्या नशिबी असतं? रडली नाहीस ते बरं केलंस. मी थोडा रडलो, तेवढं पुरे आपल्या घराला.

आई चिवडा करतेय. डबा हवा म्हणून कानाचं मशीन काढून माझ्या हातात ठेवलं. आजपासून लावतो. तू दिवाळीला येशील तेव्हा चाळ बांधून ये, दारातूनच ऐकू येते का बघू.

आणि हो, मधुकर काल मुद्दाम घरी येऊन गेला. मंडळाची बैठक झाली म्हणाला. पुढच्या गणपतीत नाच तू बसवायचास, आणि तुझ्याबरोबर ज्या मुली येतील त्या सगळ्या नाचतील. मी विचारलं, आणि नाक मुरडायचं कुणी? तो म्हणाला, मी आता दमतो रे सहदेवा, रिंगणातली माझी जागा तुझ्या पोरीला दे.

तुझा,
अण्णा