पिच्चरला म्हणलेलं हाव

नाना, मी पोरीचे फ्रॉक पिशवीत भरत होते आणि बाहेरच्या खोलीतून आपल्या धाकट्याचं हसू ऐकू आलं. हातातला फ्रॉक तसाच धरून मी उभी राहिले. त्याची बायको गेल्यापासून तो असा हसलेला मी ऐकला नव्हता. हसताना शेवटी त्याचा आवाज चिरकतो, तुमचा चिरकायचा तसाच. मी नांदेडला त्याच्या घरी आले होते ती त्याच्या मुलीला लातूरला न्यायला. आठ वर्षांची पोर, आई नाही, बाप दिवसभर ऑफिसात. माझ्याकडे राहील, तिथल्या शाळेत जाईल, दोन वेळा नीट जेवेल. जेवताना मी त्याला तसं म्हणाले आणि तो म्हणाला, "हाव, अक्का." म्हणून मी पिशवी काढली. आणि बाहेर तो पोरीला टीव्हीवर सिनेमा दाखवत होता, तोही नेमका आपला, टेलरचा.

त्या सिनेमाचं नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत. तुमच्या लेखी तो टेलरचा पिच्चर. बायको वारलेला टेलर, त्याची चार पोरं, एक शिलाई मशीन, एवढंच. पुढे मी कॉलेजात साहित्य शिकवलं, विनोदावर पुष्कळ बोलले, पण त्या सिनेमात काय चांगलं आहे ते मला वर्गात कधी सांगता आलं नाही. तुम्हाला सांगते. तो टेलर पोरीची वेणी इतकी घट्ट घालतो की पुढच्या अख्ख्या प्रसंगात तिच्या भुवया वर चढलेल्या असतात आणि त्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. टेलरच्या धाकट्या पोराच्या डब्यात बटणं जातात, गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात उसळ. बायकोचा फोटो भिंतीवर आहे, पण त्याच्यासमोर उभं राहून तो एकदाही रडत नाही. जाता-येता सांगतो, "आज वरण बरं झालंय." आणि गल्लीतल्या बाया त्याच्याकडे बघून "बिचारा गं" म्हणतात, तेव्हा तो मागे वळून बघतो. आपल्या मागे कोण बिचारा उभा आहे ते बघतो. मागे एक शेळी असते. तो शेळीकडे कळवळून बघतो आणि चालू लागतो. दुःख झाकायला केलेला विनोद वेगळा. हा माणूस खरोखरच शोधत असतो.

तुम्ही त्या ठिकाणी हसून हसून खाली बसायचात. तेव्हा आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. लातूरच्या स्टँडवर तुम्ही कंट्रोलर, दिवसभर भोंग्यातून गाड्या पुकारायच्या, आणि घरी आल्यावरही तोच आवाज. "पिठलं-भाकरी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे. प्रवाशांनी हात धुऊन घ्यावेत." आम्ही दोघं प्रवासी पाटावर येऊन बसतो. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला जळकी. धाकटा विचारतो, "ही कुठली गाडी?" तुम्ही म्हणता, "देवणीची. रस्ता खराब हाय, सांभाळून." एकदाच तुम्ही मला त्या घरात रागावून बोललात. शेजारच्या काकूंकडे मी गूळ मागितला आणि वर म्हणाले, आम्हाला आई न्हाई ना. काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि मोठा खडा दिला. तुम्ही तो खडा माझ्या हातात बघितलात, कसा मिळाला ते विचारलंत आणि मला परत पाठवलंत. "गूळ पायजे तर गूळ माग. आई मधी आणू नको." मी परत गेले, गूळ मागितला. काकूंनी तोच खडा दिला. रडणं मात्र या वेळी नव्हतं, त्यामुळे तो लवकर मिळाला.

आणि तो रविवार. आत्याबाई रेणापूरहून आल्या होत्या. त्या आल्या की घरात मोठं माणूस आल्यासारखं वाटायचं, तुम्हालासुद्धा. टीव्हीवर टेलरचा पिच्चर लागलेला. तुम्ही लुंगीवर, भिंतीला टेकून, तोंड उघडं. आत्याबाई तुमच्या बाजूला बसून शेंगा सोलत बोलत होत्या.

"पोरीला न्हेते म्हणलं मी. पोरगं ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी."

"हाव."

"तिथंच शाळंत घालते. जागा हाय, दूध हाय."

"हाव, हाव."

"मग भरू का कपडे?"

नेमकी तेव्हाच शेळी आली. "हाव!" तुम्ही मांडीवर थाप मारून ओरडलात.

आत्याबाईंनी माझ्या डोक्याला तेल लावलं, वेणी घातली, पिशवी भरली. मला वाटलं, तुम्ही ठरवलंय. मी काही विचारलं नाही. मला भीती वाटत होती की विचारलं तर तुम्ही पुन्हा हाव म्हणाल. सिनेमा संपला तेव्हा मी पिशवी घेऊन दारात उभी होते. तुम्ही डोळे पुसत उठलात, हसून आलेलं पाणी, आणि माझ्याकडे बघितलंत.

"ही कुठं निघाली?"

"आता गं बाई! तूच हाव म्हणलास की."

"मी पिच्चरला म्हणलो."

"पिच्चरला हाव म्हणतेत का कुणी?"

"मी म्हणतो."

आत्याबाईंचं खरं होतं. आणि तुमचंही. आपल्याकडे हाव म्हणजे होय, आणि ऐकतोय, आणि पुढं सांग, आणि बरं बाई आता गप. पुण्याच्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, हाव म्हणजे लोभ. ज्याने त्याने आपल्याला हवा तो अर्थ घ्यावा. मग तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात. "जायचंय का तुला? खरं सांग." मी म्हणाले, "भाकरी सुधारणार असाल तर न्हाई जात." तुम्ही थोडा विचार केलात. "सुधारतो." आत्याबाई आधी रागावल्या, मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. संध्याकाळच्या गाडीत तुम्हीच त्यांना बसवलंत आणि परत भोंग्यापाशी जाऊन ती गाडी मुद्दाम दोनदा पुकारलीत. भाकरी काही सुधारली नाही. मी तक्रार केली नाही.

हे सगळं मला आज फ्रॉक हातात धरून आठवलं, असं लिहिलं तर ते छान दिसेल. खरं म्हणजे मला तेव्हा काहीच आठवलं नाही. मी नुसती बाहेर गेले, सिनेमा बघायला. टेलरची बहीण रिकामी ट्रंक घेऊन आली होती, पोरं न्यायला. दोन हमालांनी ट्रंक उचलली आणि ती इतकी हलकी निघाली की दोघंही मागे पडले. पोरगी टाळ्या वाजवत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"आत्या, तू पण रिकामीच आणली का बॅग?"

"न्हाई गं. चटणी आणली की, शेंगदाण्याची."

"आणि जाताना?"

धाकटा टीव्हीकडे बघत होता, पण आता हसत नव्हता. मी त्याच्यासमोर जाऊन बसले, टीव्हीच्या आडवी.

"तू दुपारी हाव म्हणलास ते कशाला?"

"तू म्हणलीस म्हणून."

"म्हणजे पोरीला पाठवतोस का?"

"अक्का, तुला न्हाई कसं म्हणावं मी? तू चांगलंच करून राहिलीस."

"म्हणून बघ."

तो पुटपुटला. त्याने मला आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नाही, तुम्हाला माहीतच आहे. पोरीने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "पप्पा, जोरात."

"न्हाई," तो म्हणाला. मग मोठ्याने, "न्हाई, अक्का! माझ्यापाशीच ऱ्हाईल ती." आणि स्वतःच्याच आवाजाला दचकला. पोरगी उड्या मारू लागली, न्हाई न्हाई न्हाई, आणि टीव्हीवर तिकडे ती ट्रंक गटारात गेली, ते आम्ही कुणीच नीट बघितलं नाही. पुन्हा मागे नेऊन बघितलं. दोनदा.

हे पत्र मी पाकिटात घालणार नाही, तुम्ही गेलात तिथं टपाल जात नाही. पण तुम्हाला एक सांगून ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगवणार नाही. तो न्हाई म्हणाला तेव्हा मला थोडं वाईट वाटलं आणि पुष्कळ हायसं वाटलं. माझे गुडघे दुखतात. दुपारी मला झोप लागते. आठ वर्षांच्या पोरीमागे या वयात मी कशी धावणार होते, याचा मी विचारच केला नव्हता, आणि तो करावा लागला नाही याचा मला आनंद झाला.

सकाळी पहिल्या गाडीने लातूरला निघाले. पोरगी झोपली होती. धाकट्याने स्टँडवर डबा दिला, पोह्यांचा. मीठ घालायचं विसरला होता. लोहा गाव मागे पडल्यावर मी ते सगळे खाल्ले.