मुद्दाम चुकवलेला धडा

ती. आईस, इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? बाबा फिरायला जातात ना?

उदाहरणं देऊन कॉम्प्युटरला शिकवायचं कसं, याचे धडे मी नवख्यांसाठी लिहीत होते, आठवतं? आमच्या साहेबांनी ते स्वतःच्या नावावर खपवले. मी मुद्दामच गप्प बसले. त्यांनी उचललेल्या शेवटच्या धड्यात मी जाणूनबुजून एक चूक ठेवली होती, शिकणाऱ्यांनी शोधावी म्हणून. ती चूक उलगडणारा पुढचा धडा माझ्याकडेच होता.

काल भरल्या सभागृहात साहेबांनी तोच धडा पडद्यावर चालवून दाखवला. "बघा, कॉम्प्युटरची शंभरपैकी शंभर उत्तरं बरोबर!"

टाळ्या थांबल्यावर मी उठले. "सर, ज्या उदाहरणांवर शिकवलंत, तीच परीक्षेत विचारलीत. पेपर आधीच फोडल्यावर शंभर पडणारच ना?"

हशा पिकला. साहेबांचा चेहरा उतरला. "मग बरोबर कसं करायचं, तूच सांग ना," ते म्हणाले.

"धडे तुमचे आहेत, सर," मी म्हटलं आणि खाली बसले. आई, जिवाला इतकं गार कधी वाटलं नव्हतं.

आज चहाला माझ्या टेबलाशी कुणी आलं नाही. सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलंय. बाबांना सांगू नकोस. आणि मी माफी मागावी असं तुला वाटत असेल, तर ते मला लिहू नकोस. मागणार नाही.

तुझी हट्टी धाकटी