बाबा गेल्यावरच्या तीन विक्र्या

३ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझी पाठ आता बरी असेल. मी बाबांच्या शेअर्सचा हिशेब घेऊन बसलेय. ब्रोकरच्या करपत्रकात गेल्या आर्थिक वर्षातल्या, एप्रिल ते मार्चच्या, सात विक्र्या आहेत आणि बाबांच्या वहीत चारच. उरलेल्या तीन जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमधल्या. बाबा तर नोव्हेंबरातच गेले! दर वेळी दहाच शेअर, तेही सर्वांत जुने आधी, अगदी त्यांच्याच पद्धतीनं. अंगावर काटा आला रे. खरं सांग, तू विकलेस का? महिनाअखेरीला बाबांचं प्राप्तिकराचं विवरण भरायचंय. गेलेल्या माणसानं शेअर विकून नफा कमावला, असं मी कुठल्या तोंडानं लिहू?

रागावशील, पण माया पातळ करू नकोस.

तुझी बनी

९ जून

चि. बनीस अनेक आशीर्वाद.

मला चोर ठरवून मोकळी झालीस की! मी एका शेअरला हात लावलेला नाही. पैसे आईबाबांच्या जोडखात्यात तसेच पडून आहेत, मी पाहिलं. आणि बाबा गेल्याचं ब्रोकरला कळवलंस ना? कागदपत्रं तुझ्याकडे, म्हणून मी निर्धास्त होतो. आईला विचार, पण जपून.

भांड हवं तितकं, पत्रं मात्र थांबवू नकोस.

दादा

१७ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

चुकले, कान धरते. ब्रोकरला तू कळवलंस असं मी धरून चालले होते. दोघंही शहाणे! आईला विचारलं. फोन तिनंच केले होते, साहेबांनी दहा विकायला सांगितलेत म्हणून. तिथला कारकून वीस वर्षांचा ओळखीचा, त्यानं विकले. पैशाला ती शिवलीसुद्धा नाही. बाबांच्या हट्टापायी प्रत्येक विक्रीचा कागद टपालानं येतो, आणि नवा पोस्टमन जिन्यातून त्यांच्या नावानं हाक मारतो. त्या हाकेसाठी, दादा! आई म्हणाली, या घरात त्यांचं नाव आता कुणी घेतच नाही. मला रडूच फुटलं.

विवरणात खरं ते लिहिलं. ब्रोकरकडचं बाबांचं खातं बंद करायचा अर्जही भरला. आज तो टपालपेटीत टाकायला निघाले, तर जिन्यातून बाबांच्या नावाची हाक आली. आईनं या महिन्यातही विकले होते. पोस्टमननं विचारलं, साहेब घरात आहेत का. आई ओट्याशी हात थांबवून उभी.

मी म्हणाले, आहेत, आंघोळीला गेलेत. सही करून पाकीट घेतलं. अर्ज अजून माझ्या पर्समध्येच आहे.

लोभ आहे तसाच ठेव, आणि लवकर लिही.

बनी