क्रोमियमचा रिकामा खण

१८ जून
पेणला क्लास. प्रविण सर म्हणाले, "नूतनताई, क्रोमियम दोन वर्षं चुकताय. आता तरी!" पस्तिसाव्या वर्षी बारावीचं रसायन तिसऱ्यांदा देणारी मी एकटीच. पोरं काकी म्हणतात. पास झाले तर रोह्याला कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी. नापास, तर जन्मभर हमरापूरला घरच्या कारखान्यात गणपतीची पितांबरं रंगवा!

सासूबाई फक्त मूर्तींचे डोळे आखतात. बाकी रंगाला हात लावत नाहीत. म्हणाल्या, "तू गेल्यावर पितांबराला कोण बसंल गो?"

२१ जून
सर ऑर्बिटलला खण म्हणतात. इलेक्ट्रॉन एका फळीवरच्या सगळ्या खणांत आधी एकेक बसतात. मग जोडी – तीही उलट्या तोंडाने. घरी नवऱ्याला सांगितलं तर हरेश हसला, "आपल्या कारखान्यात दुसरं काय करतो?" खरंच की! जागा नसली की एका खणात दोन गणपती, पाठीला पाठ. सोंडेला सोंड लागायला नको.

२२ जून
तरी क्रोमियम अडलंच. शेवटचे सहा इलेक्ट्रॉन. फोर-एसला एकच खण, त्यात आधी दोन. उरलेले चार थ्री-डीच्या पाच खणांत. नियमाने भरलं – आणि सर म्हणतात चूक! सुनेसारखंच. काहीही करा, चूकच.

२५ जून
भांडण!! दारातल्या खणात दोन गणपती ठेवले होते, कोलाडच्या दुकानवाल्या संध्याताईंचे. त्या टेम्पो घेऊन आल्या तर एकच! आतल्या फळीला पाच खण, चार भरलेले होते. सासूबाईंनी दारातला एक उचलून पाचव्यात बसवला होता.

"एकच खण रिकामा मला बघवत नाय. पाचात पाच, दारात एक. कसं नीट दिसतंय!"

मी ओरडणारच होते. तोंड तसंच उघडं राहिलं. हे तर क्रोमियम! वही आणायला धावले. संध्याताई ताटकळल्या. सासूबाईंना वाटलं सून खुळी झाली.

४ जुलै
पेपर. क्रोमियम आलं! थ्री-डीत पाच, फोर-एसमध्ये एक. कारणही विचारलं – खणोखणी एकेक असला की अणू जास्त स्थिर. सासूबाईंचं नाव लिहायचा मोह आवरला.

२९ जुलै
एक्केचाळीस! पास!! सासूबाईंनी पेढा खाल्ला. लगेच डोळे आखायला वळल्या. मला वाईट वाटलं.

५ ऑगस्ट
रोह्याला लॅबमध्ये पहिली शिफ्ट. सकाळी निघाले तर सासूबाई माझ्या पाटावर बसलेल्या, हातात माझा पितांबराचा ब्रश.

"बघतेस काय? जा गो, गाडी चुकंल. मला रिकामा खण बघवत नाय, ठाव हाय ना?"